पीसी चालू केला की दुसरी डिस्क गायब: लिनक्सवर आपोआप माउंट न होण्याचं तीनदा परत आलेलं दुखणं

मामाचं कोपरखैरण्याला डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, वास्तुशांतीची आमंत्रणं, वाढदिवसाचे फ्लेक्स असं सगळं करतो. पीसी एकच. त्यात २४० जीबीची एसएसडी, तिच्यावर लिनक्स मिंट आणि विंडोज दोन्ही, कारण जुने मराठी फॉन्ट आणि ते जुनं डीटीपी पॅकेज विंडोजशिवाय चालत नाही, बाकी सगळं काम इंकस्केप ह्या डिझाइनच्या ॲपमध्ये होतं. शिवाय १ टीबीची एक जुनी हार्ड डिस्क, नाव 'डेटा', एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टममध्ये, दोन्हीकडून उघडता यावी. लिनक्स मी घालून दिलंय त्यामुळे त्यात जरा कुठे खुट्ट झालं की फोन मला. मी राहतो ठाण्यात नौपाड्यात, ट्रान्स हार्बरची लोकल पकडली की कोपरखैरणे काही लांब नाही, पण दर वेळी कोण जाणार, त्यामुळे अर्धं काम फोनवर.

म्हणूनच खाली कमांड मी मामाला फोनवर सांगतो तशाच लिहिल्यात, उच्चारून. टर्मिनलमध्ये अर्थात इंग्रजी अक्षरं टाइप करायची आणि मी वेगळं सांगत नाही तोवर सगळी छोटी.

तक्रार पहिल्यांदा आली ती ऐन लग्नसराईत. "अरे ती डिस्क रोज सकाळी गेलेली असते." गेलेली म्हणजे काय, तर फाइल मॅनेजरमध्ये डावीकडे 'डेटा' असं नाव दिसतं, त्यावर क्लिक केलं की उघडते, मग रात्री शटर ओढेपर्यंत सगळं ठीक, दुसऱ्या दिवशी परत तेच. दुकानातला मुलगा सकाळी येऊन थेट डेस्कटॉपवरची पत्रिकेची फाइल उघडायचा आणि गणपतीच्या, वधूवरांच्या फोटोच्या जागी लाल फुली. कारण फोटो फाइलमध्ये नव्हते, नुसते लिंक केलेले, आणि मूळ फोटो 'डेटा'वर. त्याला वाटायचं फोटो उडाले. एकदा तर त्याने गिऱ्हाइकाकडून व्हॉट्सॲपवर फोटो परत मागवले, आणि ते अर्थातच दाबून बारीक झालेले आले.

तर ह्यात बिघाड काहीच नव्हता. एसएसडीवरचं लिनक्स इन्स्टॉल करताना सिस्टमला ज्या पार्टिशनबद्दल (डिस्कच्या तुकड्याबद्दल) सांगितलं जातं तेवढीच ती चालू होताना जोडते, म्हणजे माउंट करते. बाकीच्या डिस्क तिला दिसतात पण कुणी क्लिक केल्याशिवाय ती हात लावत नाही, आणि क्लिक करून जोडलेलं पीसी बंद होईपर्यंतच टिकतं. काही ठिकाणी तर क्लिक केल्यावर पासवर्डही मागतो. कायमचं सांगायचं असेल तर ते एका फाइलमध्ये लिहावं लागतं, स्लॅश, ई टी सी, स्लॅश, एफएसटॅब. साधी टेक्स्ट फाइल आहे, एका ओळीत एक पार्टिशन, चालू होताना सिस्टमडी, म्हणजे लिनक्समधलं बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम, ती वाचतं आणि प्रत्येक ओळीपासून एकेक माउंट युनिट तयार करतं.

माउसने करायचं असेल तर 'डिस्क्स' नावाचं जे ॲप असतं त्यात पार्टिशन निवडा, खालच्या गिअरच्या चिन्हावर क्लिक करा, एडिट माउंट ऑप्शन्स, मग वरचं 'यूजर सेशन डिफॉल्ट्स' बंद करा आणि 'माउंट ॲट सिस्टम स्टार्टअप'ला टिक. ते ॲप स्वतःच एफएसटॅबमध्ये ओळ लिहून देतं, आणि खरं सांगायचं तर बरी लिहून देतं. मामाला तेच करायला सांगितलं असतं तर पुढचं रामायण झालं नसतं. पण मी पडलो टर्मिनलवाला, रविवारी गेलो, मामीच्या हातचे पोहे खाल्ले आणि हाताने ओळ लिहिली, आणि तीत दोन चुका केल्या आणि बाहेर तिसरी. तेव्हा तिन्ही कळल्या नाहीत, कारण रीस्टार्ट केलं आणि चाललं. चाललं म्हणून बरोबर आहे असं समजून मी संध्याकाळी घरी.

पहिली चूक, डिस्कचं नाव मी 'स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीबी१' असं लिहिलं. दुसरी, नोफेल टाकलं नाही, म्हणजे ही डिस्क जोडता आली नाही तरी पुढे जा असं सांगणारा शब्द. तिसरीचं नंतर सांगतो, ती सगळ्यात महागात पडली.

श्रावणात पीसी उघडून कुणीतरी धूळ साफ केली. साफ करताना दोन्ही डिस्कच्या केबल काढल्या आणि परत लावताना उलटसुलट पोर्टला लावल्या. ह्यात त्या माणसाची काही चूक आहे असं मला वाटत नाही, केबल कुठल्याही पोर्टला चालायला हवी आणि चालतेच. पण एसडीए, एसडीबी ही नावं डिस्कवर कोरलेली नसतात, कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जी डिस्क आधी सापडली ती ए, नंतरची बी. लोकलमध्ये रोज चौथी सीट मिळते म्हणून ती आपल्या नावावर होत नाही तसंच. पोर्ट बदलले, कधी एखादा कार्ड रीडर लावलेला राहिला, कधी एक डिस्क जागी व्हायला उशीर झाला, की नावं फिरू शकतात. मामाच्या पीसीत ती सरळ अदलाबदल झाली. आता एसडीबी१ म्हणजे एसएसडीवरचं पहिलं पार्टिशन, बूटचं छोटंसं, फॅट३२ ह्या वेगळ्याच फाइल सिस्टमचं. माझी ओळ म्हणतेय हे एनटीएफएस म्हणून जोड. ते कसं जोडणार?

आणि नोफेल नसल्यामुळे सिस्टमडीने काय समजायचं ते समजलं, की हे पार्टिशन मालकाला हवंच आहे आणि जोडता येत नाहीये, म्हणजे पुढे जाण्यात अर्थ नाही. काळ्या पडद्यावर 'यू आर इन इमर्जन्सी मोड' आणि मेंटेनन्ससाठी एंटर दाबा. शुक्रवारची संध्याकाळ, एका मंडळाची पावतीपुस्तकं छापायला द्यायची होती. मामाने फोटो काढून पाठवला, खाली लिहिलं, "हे काय आता?"

हा अनुभव ज्यांना आलाय त्यांच्यासाठी, घाबरू नका, डेटाला काही झालेलं नसतं, सिस्टमलाही काही झालेलं नसतं, फक्त एक ओळ चुकलेली असते. एंटर दाबा, रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूजरचा, प्रॉम्प्ट येईल. काही डिस्ट्रोत (लिनक्सच्या प्रकारांत) रूट अकाउंट लॉक आहे असं म्हणून प्रॉम्प्टच देत नाहीत, मग लाइव्ह पेन ड्राइव्हने बूट करून तीच फाइल बाहेरून दुरुस्त करावी लागते. मिंटवर नुसत्या एंटरने काम झालं. मग 'नॅनो, स्पेस, स्लॅश ई टी सी स्लॅश एफएसटॅब'. शेवटची ओळ शोधा, तिच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका म्हणजे ती ओळ कुणी वाचणार नाही. कंट्रोल ओ, एंटर, कंट्रोल एक्स. सेव्ह करताना रीड-ओन्ली आहे म्हणून कुरकुर केली तर आधी 'माउंट, स्पेस, डॅश ओ, स्पेस, रीमाउंट कॉमा आरडब्ल्यू, स्पेस, स्लॅश' असं करून मग परत. नंतर 'रीबूट'. मामाला हॅश म्हणजे काय ते समजावण्यात पाच मिनिटं गेली. "तो जाळीसारखा, रे, तीन नंबरच्या डोक्यावरचा." सापडला. पीसी चालू झाला, डिस्क क्लिक करून उघडली, पावतीपुस्तकं गेली.

गंमत म्हणजे केबल उलटसुलट होऊनही मिंट स्वतः व्यवस्थित सुरू होत होतं. त्याने इन्स्टॉल होताना स्वतःच्या ओळी यूयूआयडीने, म्हणजे पार्टिशनच्या ओळख क्रमांकाने, लिहिल्या होत्या. सगळ्या फाइलमध्ये एकट्या माझ्या ओळीत एसडीबी१.

यूयूआयडी हा पार्टिशन फॉरमॅट होताना त्याच्यावरच लिहिला जातो, त्यामुळे डिस्क कुठल्याही पोर्टला लावा, बाहेर काढून यूएसबीच्या डब्यात घाला, तो तोच राहतो. फॉरमॅट केलं की मात्र बदलतो, म्हणजे डिस्क फॉरमॅट केली की एफएसटॅबही बदलायचं. आणि डिस्कचं जसंच्या तसं क्लोन केलं असेल तर दोन्हींचा यूयूआयडी एकच येतो, दोन्ही एकदम लावून ठेवू नका. तो बघायचा कसा, 'एलएसबीएलके, स्पेस, डॅश एफ'. फोनवर हे असं सांगितलं, एल लोणावळ्याचा, एस साताऱ्याचा, बी बदलापूरचा, परत लोणावळा, के कल्याणचा, मग मोकळी जागा, मग आडवी रेघ, मग एफ फलटणचा. तक्ता येतो, त्यात नाव, फाइल सिस्टम, लेबल, यूयूआयडी आणि आत्ता कुठे जोडलंय ते. एनटीएफएसचा यूयूआयडी १६ अक्षरांचा सलग असतो, ईएक्सटी४चा (ही लिनक्सची स्वतःची फाइल सिस्टम) लांबलचक, मध्ये रेघा असलेला, फॅटचा चार-चारचे दोन तुकडे.

तो हाताने टाइप करू नका, कॉपी-पेस्ट करा. मी फोनवर लिहून घ्यायचा प्रयत्न केला आणि मामा वाचतोय, "सात, ओ, बी…" मी म्हटलं ओ नाहीये, तो म्हणतो मला दिसतोय ओ. पण ह्यात शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं येतात, त्यामुळे जे गोल दिसतंय ते शून्यच, दुसरं काही असूच शकत नाही. बी आणि आठचं मात्र खरंच कळत नाही, बी-डीचं फोनवर तर अजिबातच. शेवटी स्क्रीनचा फोटो मागवला.

मग दुसऱ्या रविवारी जाऊन नीट केलं. आधी एफएसटॅबची एक कॉपी त्याच फोल्डरमध्ये ठेवली, हे न चुकता करा. आत्ता डिस्क क्लिक करून जोडलेली असेल तर ती अनमाउंट करा. फोल्डर बनवा, मी 'स्लॅश एमएनटी स्लॅश डेटा' बनवलं, नावात स्पेस ठेवू नका, एफएसटॅबमध्ये स्पेस म्हणजे पुढचा रकाना असा अर्थ होतो, ठेवायचीच असेल तर तिच्या जागी बॅकस्लॅश शून्य चार शून्य लिहावं लागतं. मग ओळ. सहा रकाने. पहिल्यात यूयूआयडी, इथे शब्द कॅपिटलमध्ये, मग बरोबरचं चिन्ह आणि चिकटून तो नंबर, जसा दिसतो तसा. दुसऱ्यात फोल्डर. तिसऱ्यात फाइल सिस्टम, मी पहिल्या ओळीत एनटीएफएस-३जी लिहिलं होतं, ह्यावेळी एनटीएफएस३, दोन्ही एनटीएफएस वाचणारे ड्रायव्हरच, पण हा दुसरा ५.१५ पासून कर्नलमध्येच आलाय. चौथ्यात ऑप्शन, सगळे कॉमाने जोडलेले, मध्ये एकही स्पेस नाही: यूआयडी बरोबर १०००, जीआयडी बरोबर १०००, यूमास्क बरोबर ०२२, नोफेल. पाचवा आणि सहावा रकाना शून्य शून्य. पाचवा आता कुणी वापरत नाही. सहावा म्हणजे चालू होताना तपासणी कितव्या नंबरला करायची ते, रूटला, म्हणजे लिनक्स ज्यावर आहे त्या मुख्य पार्टिशनला, १, बाकी ईएक्सटी४ना २, एनटीएफएसला शून्यच ठेवा.

यूआयडी-जीआयडी कशाला, तर एनटीएफएसवर लिनक्सची मालकी सहसा नसते, त्यामुळे जोडतानाच सांगावं लागतं की ह्यातलं सगळं अमुक माणसाचं. १००० म्हणजे मिंटवर इन्स्टॉल करताना बनवलेला पहिला यूजर, खात्री नसेल तर टर्मिनलमध्ये नुसतं 'आयडी' टाइप करा. तुमचं पार्टिशन ईएक्सटी४ असेल तर मात्र हे दोन्ही टाकायचे नाहीत, ते ऑप्शन त्याला माहीतच नाहीत, माउंटच होणार नाही. 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' असा मेसेज येतो आणि माणूस उगाच डिस्क गेली म्हणून घाबरतो, खरं कारण त्यातला मधला शब्द असतो. ईएक्सटी४ जोडल्यानंतर एकदा चोन (सी एच ओ डब्ल्यू एन) ह्या कमांडने मालकी बदलायची, ती डिस्कवरच राहते, झालं.

आणि नोफेल. हा एक शब्द असता तर त्या शुक्रवारी पीसी सरळ चालू झाला असता, डिस्क नसती एवढंच. रूट आणि होम सोडून बाकी प्रत्येक पार्टिशनला हा लावा असं माझं स्पष्ट मत आहे. डिस्क सापडतच नसेल आणि नोफेल नसेल तर सिस्टमडी दीड मिनिट वाट बघतं, 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' आणि पुढे सेकंद पळताना दिसतात, आणि ९० सेकंद झाले की तोच इमर्जन्सीचा काळा पडदा.

ओळ लिहून झाली की रीस्टार्ट करू नका. आधी 'सुडो फाइंडएमएनटी, स्पेस, डॅश डॅश व्हेरिफाय' (सुडो म्हणजे पुढची कमांड रूटच्या अधिकाराने चालव), ते फाइल वाचून चुका दाखवतं. मग 'सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड', आणि 'सुडो माउंट डॅश ए', म्हणजे फाइलमधलं जे जोडलेलं नाही ते सगळं आत्ता जोड. काही न बोलता प्रॉम्प्ट परत आला आणि फोल्डरमध्ये फाइली दिसल्या की झालं. काही बोललं तर चूक आत्ताच सापडली, पीसी चालू असताना, हाताशी ब्राउझर असताना. पहिल्या रविवारी हे करूनही माझी चूक सापडली नसती हेही खरं, तेव्हा एसडीबी१ बरोबरच होतं.

नवरात्रात तिसऱ्यांदा फोन. "आज परत नाही डिस्क. काल होती. परवाही होती." मधूनच. हे सगळ्यात वाईट, रोजचं दुखणं सापडतं, मधूनच येणारं सापडत नाही. केबल ढिली असेल, डिस्क मरायला टेकली असेल, पावसात दुकानाची लाइट जातेच, असं सगळं मनात येऊन गेलं. 'सिस्टमसीटीएल डॅश डॅश फेल्ड' करायला सांगितलं, त्यात लाल अक्षरात एमएनटी-डेटा डॉट माउंट. मग 'सुडो डीमेसेज' (डी एम ई एस जी) करून शेवटच्या ओळींचा फोटो. तिथे सरळ लिहिलेलं, व्हॉल्यूम डर्टी आहे आणि फोर्स दिलेलं नाही.

डर्टी म्हणजे कुणीतरी ही डिस्क अर्धवट सोडून गेलंय. कोण? मामाचं बिलबुक बाहेर काढलं. डिस्क नव्हती असे चार दिवस त्याला आठवत होते, आणि त्या प्रत्येकाच्या आदल्या संध्याकाळी एकतर जुन्या फॉन्टवाल्या शाळेचं काम होतं नाहीतर एका पतसंस्थेचे फॉर्म. म्हणजे विंडोजवरचं काम. म्हणजे त्या दिवशी पीसी विंडोजमधून बंद झालेला.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची गोष्ट आहे. शट डाउन केलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, तुमचे प्रोग्रॅम बंद करतं पण आपला गाभा डिस्कवर उतरवून झोपतं, म्हणजे उद्या लवकर उठता यावं. ज्या एनटीएफएस डिस्क तेव्हा उघड्या होत्या त्या त्याच्या लेखी अजून उघड्याच. आपण मधेच लिनक्समध्ये आलो की ड्रायव्हर बघतो, दुसऱ्याचा हात अजून आत आहे, आणि लांब राहतो. एनटीएफएस-३जी असेल तर बहुतेक वेळा रीड-ओन्ली जोडून देतो, म्हणजे डिस्क दिसते पण सेव्ह होत नाही, तेही ह्याच दुखण्याचं रूप आहे. एनटीएफएस३ दारच उघडत नाही. आणि त्याचं बरोबर आहे. फोर्स लावून जोडलं आणि लिहिलं, आणि नंतर विंडोज जागं होऊन आपली जुनी आठवण त्यावर लिहून बसलं तर फाइली खरंच जातील.

उपाय विंडोजच्या बाजूने. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ'. ह्याने हायबरनेशनच बंद होतं, त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही, आणि हायबरनेशनच्या फाइलने अडवलेले काही जीबी मोकळे होतात. हायबरनेट हवं असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन नुसतं फास्ट स्टार्टअपचं टिक काढा. तोवर घाईत एक जुगाड, विंडोजमधून लिनक्सकडे येताना शट डाउन नाही, रीस्टार्ट. रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं, उलटं वाटतं पण तसंच आहे. एसएसडी असल्यावर फास्ट स्टार्टअपने असा काय वेळ वाचतो हे मला आजवर कळलेलं नाही.

लाइट जाऊन डर्टी झालं असेल तर विंडोजमध्ये जाऊन त्या ड्राइव्हवर चेकडिस्क, म्हणजे 'सी एच के डी एस के', स्लॅश एफ लावून चालवा. बरेच जण लिनक्समधून एनटीएफएसफिक्स मारायला सांगतात. ते डॅश डी दिलं तर डर्टीची खूण पुसतं आणि मोजक्याच गोष्टी ठीक करतं, पूर्ण तपासणी नाही ती. विंडोज हाताशी असताना मी ते वापरत नाही.

आता ती तिसरी चूक. हे सगळं निस्तरलं, डिस्क आली, आणि दोन तासांनी मामाचा फोन, आवाज वेगळाच. "अरे, सोमवारची-मंगळवारची कामं नाहीयेत. गरब्याच्या पासांचं डिझाइन. मुलगा शपथेवर सांगतोय डेटामध्येच सेव्ह केलं." मुलगा खरं सांगत होता. सोमवारी आणि मंगळवारी डिस्क जोडलेली नव्हती, नोफेल असल्यामुळे पीसी बिनबोभाट चालू झाला, आणि 'स्लॅश एमएनटी स्लॅश डेटा' हे फोल्डर मात्र जागेवर होतं. रिकामं. एरवी असं रिकामं फोल्डर रूटच्या मालकीचं असतं, त्यात सेव्ह करायला गेलं की परवानगी नाही म्हणून ओरडतं आणि माणूस जागा होतो. पण मी पहिल्या रविवारी, डिस्कवर लिहिता यावं म्हणून, डिस्क जोडायच्या आधीच त्या फोल्डरची मालकी मामाच्या नावे करून ठेवली होती. त्याची गरजच नव्हती, डिस्क जोडल्यावर तिची मालकी यूआयडीच्या ऑप्शनवरून ठरते, खालच्या फोल्डरला कोण विचारतो. त्यामुळे मुलाने त्यात नवीन फोल्डर बनवलं, दोन दिवस सेव्ह करत राहिला, आणि ते सगळं गेलं एसएसडीवर. जुनी कामं दिसत नाहीत हे त्याने मामाला सांगितलं नाही, त्याला सवय झालेली. मग बुधवारी खरी डिस्क जोडली गेली आणि ती त्या फोल्डरच्या वर येऊन बसली. जमिनीवर पडलेल्या कागदांवर सतरंजी अंथरावी तसं. कागद तिथेच आहेत, दिसत नाहीत.

काढायचे सोपे आहेत. त्या डिस्कवरचं उघडं असेल ते सगळं बंद करून 'सुडो यूमाउंट, स्पेस, स्लॅश एमएनटी स्लॅश डेटा'. यूमाउंटमध्ये एन नाही, यू आणि सरळ माउंट, ह्यावर सगळे अडखळतात. मग त्याच फोल्डरमध्ये बघा. दिसले, गरब्याचे पास, पतसंस्थेचे फॉर्म, आणि गंमत म्हणजे मे महिन्यातल्या दोन पत्रिका, त्यांचा कुणी शोधही घेतला नव्हता. ते होम फोल्डरमध्ये हलवले, 'सुडो माउंट डॅश ए' करून डिस्क परत जोडली, मग तिच्यावर नेले. दोन्ही ठिकाणी एकाच नावाची फाइल असेल तर आधी तारखा बघा. डिस्क काढणं शक्यच नसेल तर 'माउंट डॅश डॅश बाइंड'ने रूट दुसऱ्या एखाद्या फोल्डरवर जोडला की तिथून सतरंजीखालचं दिसतं. एसएसडी भरली म्हणतेय आणि मोजून बघितलं तर एवढ्या फाइलीच सापडत नाहीत, असं झालं तर तेव्हाही इथेच बघा.

परत होऊ नये म्हणून, डिस्क काढलेली असतानाच, फोल्डर रिकामं करून त्याची मालकी परत रूटला दिली आणि वर 'सुडो चॅटर (सी एच ए टी टी आर), स्पेस, अधिक आय' आणि फोल्डरचा पत्ता. ह्याने ते रिकामं फोल्डर गोठतं, रूटलासुद्धा त्यात काही टाकता येत नाही, पण डिस्क त्यावर जोडायला अडचण नसते. आता डिस्क नसेल तर सेव्ह होणारच नाही आणि मुलगा लगेच ओरडेल. नोफेल लावायचं असेल तर हेही करा, नाहीतर नोफेल लावून तुम्ही घराचं दार उघडं ठेवलंत आणि कुलूप मात्र अंगणाला.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर ह्याच जातीचं एक वेगळं दुखणं होतं, तेही सांगून टाकतो. शेजारी दुसरं डिस्ट्रो घातलं, त्याच्या इन्स्टॉलरने स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) परत फॉरमॅट केलं, यूयूआयडी बदलला, आणि पहिल्या डिस्ट्रोच्या एफएसटॅबमध्ये जुनाच. दर वेळी चालू होताना दीड मिनिट नुसतं बघत बसायचं. एफएसटॅबमध्ये नवा नंबर टाकला, आणि उबंटू-मिंटवर इनिटरॅमएफएस-टूल्सच्या फोल्डरमध्ये रिझ्यूम नावाची फाइल असेल तर तिथेही, मग 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस, स्पेस, डॅश यू'. गेलं.

मामाकडे नवरात्रानंतर डिस्क रोज सकाळी येतेय. एनटीएफएस सोडून ती ईएक्सटी४ करायची असं आमचं ठरलंय, विंडोजवर फक्त त्या शाळेपुरता आणि पतसंस्थेपुरता एक छोटा तुकडा ठेवू, पण त्यासाठी आधी ६०० जीबीच्या आसपासचा माल कुठेतरी काढून ठेवावा लागणार, आणि दिवाळीच्या कंदिलांचे स्टिकर छापून होईपर्यंत मामा त्या डिस्कला मला हात लावू देणार नाही.